चार तिकिटांचा हिशेब



मागच्या काही लेखांनंतर तुमची बरीच पत्रं आली. त्यांतल्या दोन पत्रांतले प्रश्न मनात राहिले. एका बहिणीने विचारलं आहे, ‘दोन लहान मुलांना घेऊन तुम्ही आज पिनांग, उद्या मलाक्का अशा फिरता. ह्या वयातलं मुलांच्या काय लक्षात राहणार?’ दुसरीने लिहिलं आहे, ‘माझे मिस्टर सात वर्षं कतारला एकटे आहेत. आम्हा सगळ्यांना सोबत नेलं असतं तर गावचं घर उभं राहिलं नसतं. तुम्ही कसं जमवता?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी हसत हसत देऊ शकते. दुसऱ्याचं तसं देता येत नाही, कारण गेल्या रमजानमध्ये तोच प्रश्न आमच्या घरी येऊन बसला होता. म्हणून ह्या महिन्यात दोन्ही उत्तरं एकत्रच लिहिते.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही मूळचे श्रीवर्धन तालुक्यातले. यांच्या नोकरीमुळे क्वालालंपूरला येऊन साडेतीन वर्षं झाली. बाराव्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. मोठी सहा वर्षांची आहे, धाकट्याला आत्ताच दोन पूर्ण झाली. मी इथे डिपेंडंट पासवर आहे, म्हणजे नवऱ्याच्या परवान्यावर राहणारी बायको. परवानगी घेतल्याशिवाय मला नोकरी करता येत नाही. घरात येणारा पगार एकच.

हा देश परका वाटेल असं वाटून मी आले होते, पण पहिल्या महिन्यातच कान सुखावले. इथे नवऱ्याला सुआमी म्हणतात आणि बायकोला इस्तेरी. भाषेला बहासा, तोंडाला मुका, काचेला काचा, साखरेला गुला. आपल्या स्वामी, स्त्री, भाषा, मुख, काच, गूळ ह्या शब्दांची ही मलायी भावंडं. जुन्या काळी व्यापाराच्या गलबतांबरोबर संस्कृत शब्द इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले. रोज्यालासुद्धा इथे पुआसा म्हणतात, म्हणजे उपवास. शेजारच्या बाईंना मी ‘काक’ म्हणते, म्हणजे ताई. पहिल्या रमजानला त्यांनी दारात उभं राहून विचारलं, ‘पुआसा?’ मी मान हलवली, आणि त्या संध्याकाळी इफ्तारला त्यांच्याकडून नारळाच्या दुधात शिजवलेली खीर आली.

स्वयंपाकघरातही हेच. आपल्याकडे माशाच्या कालवणाला आमसूल लागतं, इथे आसाम कपिंग नावाच्या सुकवलेल्या आंबट चकत्या घालतात. ते फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. आपण जवळा सुकवून वर्षभर खातो, तसाच इथे बारीक कोळंबी कुटून, आंबवून, उन्हात वाळवून बलाचान करतात. वास असा की पहिल्या दिवशी खिडक्या उघडल्या आणि दुसऱ्या दिवशी विकत आणलं.

आता फिरण्याविषयी. आम्ही फिरतो ते फार पैसे आहेत म्हणून नाही. सुट्टीच्या दिवशी बाराव्या मजल्यावर दोन मुलांना कोंडून ठेवणं मला जमत नाही, हे खरं कारण. शिवाय इथे बस आणि रेल्वे चांगली आहे, स्टेशनावर आणि मॉलमध्ये नमाजची जागा असते, हलाल खाणं शोधत हिंडावं लागत नाही. लहान मूल कडेवर असलेल्या बाईला ह्या तीन गोष्टी मिळाल्या की निम्मी दगदग संपते.

पिनांगला आम्ही रेल्वेने गेलो. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत चारेक तास, तिथून फेरीबोटीने जॉर्जटाउन. डब्यात घावने आणि सुकटाची चटणी होती. डबा उघडताच पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळल्या. मला वाटलं आता नाक मुरडणार. त्या म्हणाल्या, ‘इकान बिलिस?’ म्हणजे त्यांची सुकी मासळी. मी चटणी पुढे केली, त्यांनी केळीच्या पानातला नारळी भात पुढे केला. मोठीने दोन्ही खाल्लं.

पिनांग ह्या शब्दाचा अर्थ सुपारी. पुलाऊ पिनांग म्हणजे सुपारीचं बेट. श्रीवर्धनच्या माणसाला याहून जवळचं नाव कोणतं? पण आमच्या घरी ह्या गावाचं नातं आणखी जुनं आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे अब्बा, जहाजावर खलाशी होते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले पुरुष असेच दर्यावर गेले. अब्बांच्या तोंडी पिनांग, सिंगापूर, योकोहामा ही नावं दापोली-महाडसारखी यायची. बंदराजवळ पोहोचल्यावर यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. अब्बा म्हणाले, ‘तिथे घड्याळाचा मनोरा होता, आहे का बघ.’

मनोरा आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला १८९७ मध्ये साठ वर्षं झाली म्हणून बांधलेला, वर्षाला एक फूट याप्रमाणे साठ फूट उंच. दुसऱ्या महायुद्धात जवळ बॉम्ब पडले, तेव्हापासून जरा कललेला आहे. मोठीने फोन वर धरून दादाला मनोरा दाखवला. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘एवढी वर्षं हा माणूस असल्या गावांत उतरत होता होय? मला वाटायचं, समुद्रातच असतो.’

सगळे हसलो. पण रात्री मुलं झोपल्यावर मला ते वाक्य पुन्हा आठवलं. अब्बांची अर्धी जिंदगी ज्या बंदरांत गेली, त्यातलं एकही अम्मींनी पाहिलं नव्हतं. आणि अम्मींची अर्धी जिंदगी ज्या घरात गेली, तिथे अब्बा पाहुण्यासारखे येऊन जात.

मलाक्का तर दोन-अडीच तासांवर. सकाळी बसने जाऊन रात्री परत. पोर्तुगीजांच्या अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का. म्हणून तिथल्या जुन्या किल्ल्याची उरलेली वेस पाहताना कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटतं. अननसाला इथे नानास म्हणतात, तो शब्द दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच आणला. आम्ही जास्त वेळ काढला तो कंपुंग क्लिंग मशिदीत. हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी १७४८ मध्ये ती बांधली. छप्पर तीन थरांचं, उतरतं, आपल्या कौलारू घरासारखं. घुमट नाही. मिनार दिसतो चिनी पॅगोडासारखा. त्याच गल्लीत विनायकाचं मंदिर आहे आणि पुढे चिनी लोकांचं जुनं देऊळ. मोठीने विचारलं, ‘मम्मी, ही मशीद अशी का?’ मी म्हटलं, ‘जिथे बांधली तिथल्या गवंड्यांना जशी येत होती तशी बांधली.’ तिने लगेच मान्य केलं.

सिंगापूरला एकदाच गेलो, तेही बसने. तिथली सुलतान मशीद मुलांना दाखवावी अशी आहे. आत्ताची इमारत १९३२ मध्ये पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या तळाशी काळसर पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. मोठ्या देणग्या श्रीमंतांनी दिल्या. गरिबांचाही हात लागावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या आणि त्या थेट घुमटाखाली बसवल्या. आमची मुलगी घरी आल्यावर महिनाभर रिकाम्या बाटल्या टाकू देईना.

तर, मुलांच्या काय लक्षात राहतं? मशिदीचं साल राहणार नाही, मनोऱ्याची उंची राहणार नाही. धाकट्याच्या तर काहीच राहणार नाही. पण रेल्वेत अनोळखी आजीशी डबा वाटून खाता येतो, वेगळ्या आकाराची मशीदही आपलीच असते, बाप सामान उचलतो आणि आई रस्ता विचारते, हे मुलं बघत असतात. त्यासाठी परदेशच लागतो असंही नाही. मुरूडचा जंजिरा पाहायला एसटीने गेलात तरी हेच घडेल.

आता दुसरा प्रश्न.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात यांना सौदीतल्या एका कामाची ऑफर आली. पगार इथल्या दीडपट. राहणं, जेवण, वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट कंपनीचं. अट एकच, सिंगल स्टेटस. बायको-मुलं गावी.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यात विचार कसला? पण आमच्या घरची बाजू ऐका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली. सुपारीची उभी झाडं मोडली, नारळ पडले, घराची कौलं उडाली. सुपारीचं नवं रोप लावलं तर पीक हाती यायला सहा-सात वर्षं जातात. नवी लागवड झाली आहे, पण पूर्वीसारखं उत्पन्न अजून नाही. छपराची डागडुजी दर पावसाळ्याआधी करायची, पक्कं काम करायला पैसा नाही. धाकट्या नणंदेचं लग्न ठरायचं आहे. आणि आमचा खर्च? धाकटा दोन वर्षांचा झाला. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर कमी पैशांत जातं, दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची जागा आणि तिकीट. म्हणजे मुंबईला जाऊन यायचं तर आता चार तिकिटं. मे महिन्यात किंवा ईदला त्या चार तिकिटांची रक्कम बघितली की घशाखाली घास उतरत नाही.

मग कुटुंबासकट सौदीला जावं का, तेही पाहिलं. तिथे जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या सोबत राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरमहा शुल्क लागू झालं. सुरुवातीला १०० रियाल, मग दर वर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४००. आम्ही तिघं सोबत म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, वर्षाला १४,४००. घरभाडं आणि शाळेची फी वेगळी. याच शुल्कामुळे आमच्या ओळखीतली कितीतरी कुटुंबं गावी परतली आणि माणसं एकटी मागे राहिली. हिशेब तिथेच संपला. जायचं तर यांनी एकट्याने.

तरावीहहून आल्यावर यांनी एक कागद घेतला. एका बाजूला येणारे पैसे, दुसऱ्या बाजूला जाणारे. पैशाची बाजू स्पष्ट होती. तीन वर्षांत छप्पर, लग्न, थोडी शिल्लक, सगळं बसत होतं. दुसऱ्या बाजूला काय लिहायचं हे आम्हाला सुचेना. धाकट्याला रोज रात्री हेच झोपवतात, हे किती रियालचं? मोठी ‘र’ म्हणायला शिकतेय, ती शिकेल तेव्हा हे घरी नसतील, ते कुठल्या रकान्यात घालायचं? कागद तसाच राहिला.

यांनी शेवटी अब्बांना फोन केला. मला वाटलं अब्बा म्हणतील, जा. आमच्याकडे पुरुषाने बाहेर जायचं आणि बायकांनी घर सांभाळायचं, याला कुणी त्याग वगैरे म्हणत नाही. ती रीतच आहे. अब्बा म्हणाले, ‘मी गेलो तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. जहाजावर बायको नेता येत नाही. तुझ्याकडे रस्ता आहे, तू बघ.’ मग अम्मींनी फोन घेतला. त्या मुलाशी नाही, माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, ‘हा चार वर्षांचा होता. बाप दीड वर्षाने घरी आला, तर हा दाराआड लपला आणि मला विचारतो, पाहुणे कधी जाणार? त्याचा बाप ओटीवर बसून ऐकत होता. छप्पर गळतंय ते माझं छप्पर आहे. पन्नास वर्षं मी त्याखाली टोपं मांडते आहे, आणखी चार पावसाळे मांडीन. पण लग्नाचं मात्र ठरवून ठेवा, त्यात मला उधारी नको.’

त्या इतकंच बोलल्या. रडल्या नाहीत, नशिबाला बोल लावला नाही. नंतर विचारलं, सेहरीला काय करतेस?

दोन दिवसांनी यांनी नकार कळवला. हे लिहायला सोपं आहे, निभवायला नाही. नकार दिला म्हणून छप्पर आपोआप शाकारलं जात नाही. आम्ही काय ठरवलं ते सांगते, कारण पत्र लिहिणाऱ्या बहिणीला उपदेशापेक्षा त्याचा उपयोग होईल.

पहिलं, नणंदेच्या लग्नासाठी दरमहा ठरलेली रक्कम पगार आल्या दिवशीच गावी जाते. ती गेल्यावर उरेल त्यात घर. दुसरं, छप्पर एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. यंदा पावसाच्या माऱ्याची पश्चिमेकडची बाजू झाली, पुढच्या वर्षी स्वयंपाकघरावरची. तिसरं, गावी जाणं वर्षाऐवजी दीड वर्षाने, आणि गर्दीचा हंगाम सोडून. याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण माझी आईही वाट पाहते. चौथं, विमानाच्या सहली बंद. इंडोनेशिया पाहायचं मनात होतं, ते राहू दे. बसने आणि रेल्वेने, एका दिवसात किंवा एका मुक्कामात होईल तेवढंच फिरायचं. पाचवं, मी घरबसल्या काही करू शकते का, त्यासाठी कायदेशीर परवानगी कशी लागते, याची चौकशी सुरू केली आहे. विनापरवाना काही करायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं.

आता कतारवाल्यांच्या बायकोशी थोडं बोलते. ताई, आमचा निर्णय बरोबर आणि तुमचा चुकीचा असं मी म्हणणार नाही. आम्हाला निवडायला मिळालं, हेच आमचं भाग्य. अनेक आखाती देशांत कुटुंब न्यायला पगाराची किमान मर्यादा असते. ज्याचा पगार त्याखाली आहे त्याला कुणी विचारतच नाही. तुमच्या मिस्टरांनी सात वर्षं एकट्याने स्वतःचे कपडे धुऊन, आठ जणांच्या खोलीत झोपून ते घर उभं केलं असेल, तर त्या भिंतींना मी हात जोडते.

पण अम्मींकडून शिकलेल्या दोन-तीन गोष्टी तुम्हाला सांगाव्याशा वाटतात. मुलांना बाप फक्त भेटवस्तूंतून कळू देऊ नका. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटं बोलणं होऊ द्या, आणि त्यात अभ्यासाची चौकशी नको. आज शाळेच्या वाटेवर काय दिसलं, एवढंच. तिकडचं त्यांचं जगही विचारा. खोलीतून खिडकीबाहेर काय दिसतं, जुम्याला कुठे जाता, जेवण कोण बनवतं. अम्मींना पन्नास वर्षांनी कळलं की नवरा समुद्रात नाही, गावांत उतरत होता. आज फोन हातात असताना तेवढी वाट पाहायला नको. आणि घराचा हिशेब दोघांनी मिळून लिहा. घर बांधून झालं की परत येणार, असं म्हणतात, मग घरानंतर लग्न येतं, लग्नानंतर आजारपण. किती झालं की परत यायचं, तो आकडा आणि ते साल आत्ताच कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवा.

जमलं तर मुलांचे पासपोर्ट काढून ठेवा. कधी महिनाभराचा व्हिजिट व्हिसा मिळाला तर नवऱ्याची खोली, त्याची गल्ली, त्याची मशीद मुलांना एकदा दाखवून आणा. तो खर्च वाया गेला असं मला तरी वाटणार नाही.

आणि लहान मुलांबरोबर प्रवास करणाऱ्या सगळ्यांसाठी: निघताना प्रत्येक मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, एक जास्तीचा कपड्यांचा जोड हाताशी, डबा घरचा, पाणी भरपूर, आणि दिवसाला एकच ठिकाण. दुसरं ठिकाण मुलं झोपली नाहीत तर.

पुढच्या महिन्यात शेजारच्या काककडून शिकलेलं आसाम पदास, म्हणजे इथलं आंबट-तिखट माशाचं कालवण, आमसूल घालून कसं करायचं ते लिहीन, इन्शाअल्लाह. तोवर तुमच्या घरात असा निर्णय कधी आला असेल तर कसा घेतला, मला जरूर कळवा. विशेषतः सासूबाई काय म्हणाल्या, ते.